तपकिरी रंग येईपर्यंत

अकोला, १९ एप्रिल २०२५

उज्मा,

सलाम, नमस्कार, जे आधी पोचेल ते घे. आजच्या बॉक्समध्ये रक्ताच्या नळ्यांच्या खाली, डाव्या कोपऱ्यात एक रुंद तोंडाची बाटली आहे. तिच्यावर पांढऱ्या टेपवर नाव लिहिलंय. ते वाच, मग पुढे वाच.

वाचलंस? प्रणाली. हिवरखेडची, आमच्याच गावची. माझी. म्हणजे माझी नाही, पण कोणती ते तुला माहीत आहे. अमरावतीला लॅब-टेक्निशियनच्या वर्गात तुझ्या शेजारी बसून मी जिच्या नावाने तुझं डोकं खाल्लं, तीच.

वर्षभरापासून तिच्या मानेला दोन्ही बाजूंनी गाठी आहेत. दुखत नाहीत, नुसत्या वाढतात. आधी सुपारीएवढ्या होत्या, आता लिंबाएवढ्या झाल्या. सुई टोचून पाहिली तेव्हा टीबी असू शकतो म्हणाले, म्हणून टीबीच्या गोळ्यांचा अख्खा कोर्स झाला. गाठी जशाच्या तशा. ती तेल्हाऱ्याच्या शाळेत शिकवते, या उन्हातही गळ्याभोवती ओढणी आवळून. तिचे वडील पंजाबराव, त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. त्यांनी परतवाड्याच्या एका मुलाकडे बोलणी लावलीत आणि गाठी लग्नाच्या आत गेल्या पाहिजेत असं म्हणतात, जसं काही गाठींना पत्रिका देऊन तारीख कळवायची आहे.

काल अकोल्याच्या सर्जनने त्यातली एक गाठ काढली. ती बाटली आणायला दवाखान्यात कोण गेलं? मीच. गावोगावचे नमुने गोळा करून तुमच्याकडे धाडणं हेच तर माझं काम. काउंटरवरची बाई म्हणाली, "घे रे, बायोप्सी हाये, सांडू नको." उज्मा, तिच्या मानेतला एवढासा तुकडा माझ्या मुठीत, आणि ती स्वतः दोन वर्षांत माझ्याशी एक वाक्य बोललेली नाही!

एसटीच्या कंडक्टरला बॉक्स देताना मी इतकं बजावलं की तो वैतागला. "काय सोनं भरलं काय यात?" म्हणे. मी त्याची कॉलर धरणार होतो. धरली नाही. हे लक्षात ठेव.

माझं एकच मागणं. रिपोर्ट काय येतो ते मला सगळ्यांच्या आधी कळव. फोन नको. तुमच्याकडे फोन दाराबाहेर ठेवायला लावतात, आणि फोनवर मी ओरडतो. रिकामा बॉक्स परत येतो ना, त्यात चिठ्ठी टाक.

प्रीतम


अमरावती, २२ एप्रिल

प्रीतम मियाँ,

बाटली पोचली. चिठ्ठीही पोचली. बॉक्स मी उघडला हे तुझं नशीब, आमच्या डॉक्टर मॅडमच्या हाती पडली असती तर दोघांचीही नोकरी गेली असती, आणि माझी तुझ्यापेक्षा बरी आहे.

रिपोर्ट मी सांगणार नाही. आधी नाही, नंतरही नाही. तो प्रणालीचा आहे. पण त्या तुकड्याचं पुढे काय होतं ते सांगते, कारण तो धडा यायच्या आधीच तू सरांच्या टेबलावर स्लाइडची पेटी आपटून वर्गाबाहेर निघून गेलास.

गाठ मॅडमनी कापून पाहिली. मग तुकडे रात्रभर मशीनमध्ये फिरले आणि त्यांतलं सगळं पाणी निघून तिथे मेण भरलं. आता ती मेणाची वडी झाली आहे. आमच्या बोलीत ब्लॉक. त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप मी घेते, कोमट पाण्यावर सोडते आणि काचेवर अलगद उचलून घेते. मग गुलाबी-जांभळा रंग. मग मॅडम आणि त्यांचा मायक्रोस्कोप. त्यांना घाई केली की त्या चष्मा काढून ठेवतात आणि चहा मागवतात, म्हणून आम्ही कोणी घाई करत नाही.

बाटलीवर नाव असतं, काचेवर फक्त नंबर. मी नंबर लिहिला की ती कोणाची मुलगी नसते आणि कोणाची काही नसते. तूही तेवढं कर.

आणि एक विचारते. दोन वर्षं बोललेली नाही म्हणतोस. मग ती तुझी कशी?

उज्मा


अकोला, २४ एप्रिल

उज्मा,

कशी ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी अकोट-हिवरखेड गाडीत ती खिडकीशी होती, मी तिच्या शेजारी. गाडी खचाखच भरलेली, पायाशी कोणाचा तरी कोंबडा. मी विचारलं, "प्रणाली, माझ्याशी लग्न करशील का?" ती काही बोलली नाही. खिडकीबाहेर पाहत राहिली. पण उठली नाही! मागे जागा झाली तरी उठली नाही. हिवरखेड येईपर्यंत तिथेच बसून राहिली. नाही म्हणायचं असतं तर बाई माणूस उठून जातं. मी त्या न उठण्यावर दोन वर्षं काढली.

तुला हसू येत असेल. येऊ दे.

इकडे मला काही सुचून नाही राहिलं. जेवायला बसतो आणि उठतो. काल मूर्तिजापूर रोडवर एका कारवाल्याने कट मारला, मी त्याला टोलनाक्यावर गाठला आणि गाठल्यावर मला आठवेना की काय बोलायचं होतं. तो म्हणाला, "काय झालं भाऊ, तब्येत बरी नाही काय?" आणि मला पाण्याची बाटली दिली. अशी इज्जत निघून राहिली माझी.

मॅडमनी चष्मा घातला का?

प्रीतम


अमरावती, २८ एप्रिल

प्रीतम,

आजच्या पिशवीत प्रणालीच्या सर्जनच्या नावाचं एक पाकीट आहे. चिकटवलेलं. आत पहिला, कच्चा रिपोर्ट आहे. तुला सांगायचं कारण एवढंच की मी तुला ओळखते, आणि तू ते पाकीट हातात घेशील तेव्हा माझा आवाज तुझ्या कानात हवा. ते डॉक्टरांचं आहे. त्यांना दे, सही घे, निघ.

अल्ला के वास्ते, प्रीतम. नुसतं दे.

उज्मा


अकोला, ३ मे

उज्मा,

फाडलं. वाफेवर धरून उघडण्याइतका धीर नव्हता.

इंग्रजीत होतं, पण तेवढं मला समजतं. गाठीची रचना बिघडलेली आहे. मोठ्या, फिकट पेशी आहेत, आणि काहींच्या आत दुसऱ्या अख्ख्या पेशी दिसतात. लिम्फोमा नाही याची खात्री करण्यासाठी अँटीबॉडी लावून रंग पाहावेत. वाचलं मी सगळं. पण डोळे एकाच शब्दावर अडकले. लिम्फोमा. गाठीचा कॅन्सर. मग मी काय करणार होतो, तू सांग. सही घेऊन निघणार होतो?

पाकीट दवाखान्यात टाकलं आणि गाडी काढली. अकोट कधी गेलं कळलं नाही. दुकानात पंजाबराव कपाशीच्या बियाण्याची पाकिटं लावत होते, बाकावर चार-पाच गिऱ्हाइकं.

मी म्हटलं, "काकाजी, बोलाचं हाये."

"बोल ना."

"प्रणालीशी मी लगन करतो."

ते हसले. "तू? तुले कॉलेजनं ठेवलं नाही, मी कायले ठेवू?"

बाकावरचे सगळे फिदीफिदी हसले. त्या हसण्यानेच घात केला, उज्मा, नाही तर मी नीट बोलणार होतो. मी ओरडलो, "परतवाड्याचा पोट्टा कॅन्सरवाली पोरगी करीन काय? मी करतो! कॅन्सर असला तरी करतो!"

मग कोणी हसलं नाही. पंजाबरावांच्या हातातलं पाकीट फुटलं, सगळ्या दुकानभर बी. त्यांनी हळूच विचारलं, "कोणाले कॅन्सर?"

दुकानाला लागूनच त्यांचं घर. मधल्या दारात प्रणाली उभी होती, हातात पाण्याचा गडू. घरात होती म्हणून गळ्याला ओढणी नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गडू खाली ठेवला आणि ओढणी शोधायला लागली.

परतवाड्याचं स्थळ त्याच संध्याकाळी मोडलं. मला बॉक्सच्या कामावरून काढलं, आता बॉक्स देवमन नावाचा दुसरा पोरगा नेतो, म्हणून हे पत्र पोस्टाने. मी सध्या मामाच्या कूलर-दुरुस्तीच्या दुकानात बसतो, दिवसभर मोटारी आणि ओल्या गवताच्या जाळ्या. ते सोड. मी बोललो ते मनापासून बोललो. एवढ्या लोकांसमोर तिला मागणारा दुसरा आहे का कोणी? मला वाटतं ती एक दिवस हे समजेल.

रंग आला का?

प्रीतम


अमरावती, ८ मे

प्रीतम,

तुझं पत्र वाचून मी पहिलं उत्तर लिहिलं, ते फाडलं. त्यात माझ्या अब्बूंनाही माहीत नसलेल्या शिव्या होत्या. हे दुसरं आहे.

तू मागणी घातली नाहीस. तू एका मुलीला तिच्या घरच्या दारात, गिऱ्हाइकांसमोर, एक असा आजार सांगितलास जो तिला आहे की नाही हे तिच्या डॉक्टरलाही माहीत नव्हतं. मॅडमनी लिहिलं होतं, नाही याची खात्री करा. तू ती खात्री दुकानात करून टाकलीस.

ऐक, हे कशासाठी असतं. गुलाबी-जांभळ्या रंगात निरनिराळ्या पेशी एकसारख्या दिसू शकतात. तोंडावळ्यावरून ओळख पटत नाही, म्हणून आम्ही त्यांना हाका मारतो. हाक म्हणजे अँटीबॉडी. एक अँटीबॉडी एकच प्रथिन ओळखते. ते त्या पेशीत असलं तर तिथे चिकटते, नसलं तर धुतली जाते. मग आम्ही असा रंग टाकतो की चिकटली तिथे तपकिरी उमटतो, बाकी सगळं निळसर राहतं. एक अँटीबॉडी लिम्फोमाच्या पेशींची, एक टीबीत जमणाऱ्या जातीच्या पेशींची, एक अशा दुर्मिळ आजाराची जो मॅडमनी आजवर दोनदाच पाहिला. कोण कोणत्या हाकेला ओ देते ते पाहून नाव ठरतं. आणि त्याआधी काचा प्रेशर कुकरमध्ये उकळाव्या लागतात, हो, खराखुरा कुकर, कारण बाटलीतल्या तुकडा टिकवणाऱ्या पाण्याने, फॉर्मलिनने, प्रथिनांची तोंडं बांधलेली असतात, ती तशी सुटतात. इतक्या कष्टाने आम्ही एक शब्द बोलतो. तू किती सहज बोललास.

आता पुढचं. काल पंजाबराव इथे आले होते. मॅडमसमोर उभेच राहिले, खुर्ची घेतली नाही. म्हणाले, "माह्या पोरीचं जे काय इथं असंल ते वापस द्या. काच द्या, मेण द्या, कागद द्या. आता काही तपासाचं नाही. जेवढं गावभर झालं तेवढं लय झालं." मॅडम म्हणाल्या, हे रंग झाले नाहीत तर तिच्यावर कोणालाच उपचार करता येणार नाहीत, ना टीबीचे, ना कशाचे. ते ऐकेनात. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मुलगी सज्ञान आहे, ब्लॉक तिचा आहे. तिची सही आणा, देते."

ते सही आणायला गेलेत. आणली की ब्लॉक जाईल. रंग होणार नाहीत, आणि तिला काय आहे हे कोणाला कधी कळणार नाही. हे तुझ्या मनापासून बोलण्याचं फळ.

उज्मा


अकोला, ११ मे

उज्मा,

दे शिव्या. पण ब्लॉक देऊ नको.

माझ्याकडे उपाय आहे. तू रंग लावून टाक, माझ्या नावाने. फॉर्मवर प्रीतम लिही, वय लिही, मानेची गाठ लिही. ब्लॉकमधून तू चार काप आधीच काढले असतील, ते वापर. पंजाबरावांना वडी देऊन टाक, त्यांना काय कळणार आहे? रिपोर्ट माझ्या नावाने आला तर गावात माझीच बदनामी होईल, ती व्हायलाच पाहिजे. मी मरणार असं लोक म्हणतील. म्हणू दे!

आणखी एक. मी प्रणालीला पत्र लिहिलं. आठ पानं. काही लपवलं नाही. त्या रिपोर्टमधल्या पेशींबद्दलही लिहिलं, ज्यांच्या पोटात दुसऱ्या पेशी अख्ख्या राहतात. लिहिलं की मलाही तसंच आहे, तू माझ्या आत आहेस, अख्खी, मी तुला धक्का लागू दिलेला नाही. ते लिहिताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कूलरवाला मामा म्हणाला, "काहून बे, मोटार जळाली काय?"

तिचं उत्तर आलेलं नाही. पण पत्र परत पण आलेलं नाही. घेतलं म्हणजे वाचलं. वाचलं म्हणजे काहीतरी आहे.

नावाचं करशील ना?

प्रीतम


अमरावती, १९ मे

प्रीतम,

नाही. तुझ्या नावाने नाही, कोणाच्याच नावाने नाही. काचेवरचा नंबर खोटा झाला तर या इमारतीत काही उरत नाही. उद्या कोणाचा तरी कॅन्सर तुझ्या फॉर्मवर निघेल आणि कोणाच्या तरी मुलीला तू निरोगी करून ठेवशील. हे तू रागात लिहिलंस असं मी समजते.

पुढचं लिहिते आहे ते प्रणालीला फोनवर विचारून. ती म्हणाली, एवढं त्याला कळवा.

ती आली होती. सही द्यायलाच आली, पण वडिलांबरोबर नाही, तिच्या आत्याबरोबर. मैनाबाई. घरी सांगून निघाल्या होत्या की गुरुकुंज मोझरीला दर्शनाला जातो. मैनाबाईंनी काउंटरवर हात ठेवून मला विचारलं, "बाई, आमच्या पोरीचा गोळा कुठी ठेवला तुमी?"

मी म्हटलं, "नीट आहे मावशी. मेणात आहे."

"मेणात? अन् मंग ऊन लागलं तं?"

मी एसी दाखवला. तो चालू आहे हे हात वर करून खात्री केल्यावरच त्या बसल्या.

प्रणालीने दोन्ही कागद दोनदा वाचले. एक ब्लॉक परत घेण्याचा होता, एक रंग लावायला संमतीचा. तिने दुसऱ्यावर सही केली. मॅडमना विचारलं, "मला काय आहे ते मला कळेल ना? मला. आधी कोणाला नाही." मॅडम हो म्हणाल्या. जाताना मैनाबाई म्हणाल्या, "घरी मोझरी सांगलं हाये, तं आता खरंच जाऊन येतो. भावाशी अर्धं खोटं बोलली, पुरं कायले बोलू?" आणि दोघी नागपूर रोडच्या गाडीत बसल्या.

मी त्याच दिवशी काचा लावल्या. दुपारी लाइट गेली, परत आली, परत गेली. शेवटी पाहिलं तर तिच्या एकाही काचेवर तपकिरी रंग नाही. तू असतास तर नाचला असतास, काही नाही, काही नाही म्हणत. पण आम्ही प्रत्येक वेळी बरोबर एक कंट्रोलची काच लावतो, ज्या तुकड्यात रंग येणारच हे आधीपासून माहीत असतं. तीही कोरी निघाली. म्हणजे अँटीबॉडी चाललीच नव्हती, लाइट जाऊन खराब झाली असावी. मॅडमनी सगळ्या काचा बाजूला टाकल्या. म्हणाल्या, कंट्रोल कोरा असेल तर हिचं कोरं असणं हे उत्तर नाही, ना हो, ना नाही. परत लावा.

हे मी तुला मुद्दाम लिहिते. बसमध्ये ती उठली नाही, म्हणजे हो. पत्र परत आलं नाही, म्हणजे हो. अरे, तिचं गप्प राहणं वाचायला तुझ्याकडे कंट्रोल काय आहे? ती कधी तुझ्याशी मोकळेपणी हो किंवा नाही बोलली आहे का, की ज्याच्याशी तू ताडून पाहशील? तुझ्या सगळ्या काचा कोऱ्या आहेत आणि तू त्या भिंगाखाली धरून हसतो आहेस.

नवीन अँटीबॉडी मागवली आहे. यापुढे मी तुला काहीही कळवणार नाही. कळवायचं तर ती कळवेल.

उज्मा


हिवरखेड, ५ जून

प्रीतम,

तुझं आठ पानांचं पत्र मिळालं होतं. उत्तर द्यायचं नव्हतं. आता देते, कारण मला जे काही आहे त्याचं नाव आता माझ्याजवळ आहे, आणि तू आणखी कुठल्या दुकानात जाण्याआधी ते माझ्याकडून ऐकावंस.

कॅन्सर नाही. टीबीही नाही. दुसऱ्या वेळी रंग नीट आले. मॅडमनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. निळ्या ठिपक्यांच्या गर्दीत मोठ्या मोठ्या तपकिरी पेशी, आणि त्यांच्या आत न रंगलेल्या लहान पेशी, खिडकीत बसल्यासारख्या. लिम्फोमाच्या अँटीबॉडीला त्या मोठ्या पेशींनी ओ दिली नाही. या आजाराचं नाव रोझाई-डॉर्फमन. फार थोड्या लोकांना होतो. माझ्यासारख्या बऱ्याच जणांत गाठी आपोआप उतरतात, काहींत वर्षानुवर्षं राहतात. औषध सध्या घ्यायचं नाही, अकोल्याला जाऊन दाखवत राहायचं. मैनाआत्याने मॅडमना विचारलं, "म्हणजे पोरगी मरत नाही?" मॅडम म्हणाल्या, "याने नाही." आत्या तिथेच फरशीवर बसली.

मी बाबांना सांगितलं. ते रडले. मग म्हणाले, परतवाड्याला कळवू का? मी म्हटलं, नका कळवू. ज्यांनी एका शब्दावर सोडलं त्यांना दुसऱ्या शब्दावर परत बोलवायचं नाही.

गावाला मात्र ते पटत नाही. शाळेतल्या बाया माझ्याशी हळू आवाजात बोलतात. परवा एकजण माझ्या हातातला डबा काढून घेत म्हणाली, राहू दे, तू बस. रिपोर्ट सगळ्यांना दाखवत फिरू का? तो काय जातीचा दाखला आहे? तो शब्द तू एका क्षणात टाकलास, आणि मी तो किती वर्षं वेचत बसणार आहे कोण जाणे.

तरी एक खरं ते लिहिते. तू ओरडला नसतास तर आत्या बाबांच्या विरोधात उभी राहिली नसती, आणि तिच्याशिवाय एकटीने अमरावतीला जायचं धाडस मला झालं नसतं. हे तुझ्यामुळे झालं, पण तू केलं नाहीस. दोन्हींत फरक आहे.

तू लिहिलंस की मी तुझ्या आत अख्खी आहे. आतल्या पेशीला कोणी विचारलं होतं का? मॅडम म्हणाल्या, ती त्या मोठ्या पेशीच्या आत जिवंत असते आणि बाहेरही पडू शकते. मला ते ऐकून बरं वाटलं.

बसमध्ये मी गप्प बसले, कारण मला तेव्हा कळलं नव्हतं. हो नव्हतं, नाहीही नव्हतं. उठले नाही, कारण पायाशी कोंबडा होता. तू दुकानात मला मरणारी समजून मागितलंस. मी मरत नाही. म्हणून ती मागणी आता कोणासाठीच उरलेली नाही. आणि जिवंत असलेल्या माझं उत्तर नाही असं आहे. हे मोठ्याने लिहिते, म्हणजे तुला गप्प बसण्यातून काही वाचावं लागणार नाही.

प्रणाली


अकोला, १२ जून

उज्मा,

तू काही कळवणार नव्हतीस, कळवलंही नाहीस. तिनेच कळवलं. ती मरत नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मामाच्या दुकानात इतक्या जोरात ओरडलो की गिऱ्हाईक कूलर सोडून पळालं. मग पुढचं वाचलं.

नाही म्हणाली. पूर्ण शब्दात.

दोन दिवस मी काय केलं ते सांगत नाही, तुला अंदाज आहे. फक्त एक सांगतो, कोणाला मारलं नाही. तिला उत्तरही लिहिलं नाही. बारा पानं डोक्यात तयार होती. पण तिने काही विचारलंच नाही, तर उत्तर कशाचं?

तिसऱ्या दिवशी वाटलं की गावात जाऊन सगळ्यांसमोर सांगून टाकावं. तिला काही झालेलं नाही, मी पाकीट फाडलं, मी मूर्ख. जिथे आग लावली तिथेच विझवावी. गेलो पण. हिवरखेडच्या स्टँडवर उतरलो तर टपरीवर तीच मंडळी, दुकानातल्या बाकावरची, त्या दिवशी फिदीफिदी हसणारी. मला पाहून सगळ्यांनी कान टवकारले. एकाने चहा पुढे केला.

"ये बा डाक्टर. त्या पंजाबरावच्या पोरीचं काय झालं मंग? लय ऐकून राहिलो आमी. हाये का नाही?"

उज्मा, वाक्य माझ्या जिभेवर होतं. खरं वाक्य होतं, चांगलं होतं, मी रस्ताभर घोकत आणलं होतं. एवढं बोललो असतो तर तिचा अर्धा त्रास मिटला असता, असं अजूनही मला वाटतं. आणि मला मॅडमसमोर तिने म्हटलेलं आठवलं, तू लिहिलेलं. मला. आधी कोणाला नाही.

मी म्हटलं, "तिलेच इचारा."

"म्हंजे?"

"म्हंजे तिलेच. तिच्या मनात असंल तं सांगीन. मले काही मालूम नाही."

माझे कान तापले होते. वाटलं आता हे परत हसणार, आणि या वेळी मी उठणार. पण कोणी हसलं नाही. ज्याने चहा दिला होता तो म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "तिले इचाराची हिंमत असती तं तुले काहून इचारलं असतं बे?"

प्रीतम